हक्क मागणारा परका राहत नाही
(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यान)

परदेशी स्थायिक होण्याचा विचार करताना पोटापाण्याची सोय आणि तिथल्या संस्कृतीशी जुळवून घेणे हे दोन प्रश्न सहसा वेगवेगळे मांडले जातात. पहिला सुटला की दुसरा काळाच्या ओघात आपोआप सुटेल, अशी समजूत असते. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन याहून निराळे आहे. स्थलांतरित माणूस नव्या देशाच्या संस्थांकडे, त्या देशाच्याच नियमांचा आधार घेऊन, उघडपणे हक्क मागू लागतो तेव्हाच तो तिथला होतो, आणि रोजगार व संस्कृती हे दोन्ही प्रश्न त्या एकाच क्षणाभोवती फिरत असतात.

या प्रतिपादनाच्या पुष्ट्यर्थ इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल या मूळच्या कोकणातील मराठीभाषक ज्यू समाजाचे उदाहरण घेणे उचित ठरेल. नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलेल्या जहाजातून त्यांचे पूर्वज आल्याची परंपरागत कथा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून पडलेले ‘शनवार तेली’ हे नाव या सभागृहाला परिचित असल्याने त्यांची पुनरुक्ती टाळलेली बरी. ध्यानात ठेवायचे ते एवढेच की स्वातंत्र्याच्या सुमारास या समाजातील मोठा भाग मुंबईत सरकारी कचेऱ्या, रेल्वे आणि पोस्टखाते यांत नोकरी करणारा, मराठी व इंग्रजी लिहिता-वाचता येणारा मध्यमवर्ग बनलेला होता, आणि १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस याच समाजातले होते.

१९५० च्या ‘परतीच्या कायद्या’ने, म्हणजे जगातील कोणत्याही ज्यू व्यक्तीस इस्रायलमध्ये येऊन वसण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्याने, या समाजाला नव्या देशाचे दार उघडे होते. परंतु मुंबईच्या कचेरीत मान मिळवून देणारे इंग्रजी पत्रलेखन हिब्रूत चालणाऱ्या कचेरीत निरुपयोगी ठरले. या समाजाला हिब्रू अक्षरे अपरिचित नव्हती. प्रार्थनेची पुस्तके घराघरांत होती, मात्र ती स्वरचिन्हांसह छापलेली असत. व्यवहारातील हिब्रूत ही चिन्हे गाळलेली असतात, म्हणजे नुसती व्यंजने पाहून शब्द ओळखावा लागतो, आणि शब्द आधी ठाऊक नसेल तर तो नीट वाचताही येत नाही. प्रार्थना अस्खलित म्हणणारा प्रौढ गृहस्थ त्यामुळे साध्या छापील अर्जापुढे अडून बसे. ‘उल्पान’ म्हणजे नवागत प्रौढांना हिब्रू शिकवणारे वर्ग, आणि १९५६ पासून स्वरचिन्हांसह सोप्या हिब्रूत निघू लागलेले ‘शार लमत्खिल’ हे वृत्तपत्र, ही याच अडचणीवरील उत्तरे होती.

अनेक नवागतांच्या वाट्याला प्रथम आले ते वृक्षारोपण व रस्तेबांधणीचे मजुरीचे काम, ज्याचे स्वरूप आपल्याकडील दुष्काळी कामांसारखेच होते. वस्ती मिळाली तीही बीरशेबा, आणि पुढे दिमोना, अशा नेगेव्ह वाळवंटातील गावांत. अलिबागला भर पावसाळ्यात काही दिवसांत जेवढा पाऊस कोसळतो तेवढा बीरशेबाला वर्षभरात पडतो, त्यामुळे कोकणातून नेलेल्या छत्र्यांना तिथे कायमची रजा मिळाली असणार. (हशा)

येथे मलिद्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मलिदा म्हणजे एलियाहू संदेष्ट्याच्या स्मरणार्थ, लग्नापूर्वी, नवस फेडताना वा नव्या कार्याच्या आरंभी करावयाचा विधी. भिजवलेले पोहे, त्यांत साखर वा गूळ, खवलेले ओले खोबरे आणि वेलची, भोवती फळांचे काप व सुवासिक फुले अशी ताटाची मांडणी असते. हिब्रू आशीर्वचने म्हटली जातात आणि प्रत्येक पदार्थ आपापल्या आशीर्वचनानंतर सर्वांना वाटला जातो. पोहे-खोबऱ्याच्या या ताटामुळे विधीचे कोकणीपण लपत नाही, आणि मंत्र हिब्रू असल्यामुळे त्याचे ज्यूपणही लपत नाही. नव्या देशातही हा विधी टिकला, मेंदीचा समारंभ टिकला, आणि १९८५ पासून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही तिथून निघू लागले. जुळवून घेणे म्हणजे जुने टाकून देणे, ही समजूत एवढ्यानेच खोटी ठरते. मलिद्यावर स्वतंत्र व्याख्यान होऊ शकेल. परंतु अध्यक्षांची वेळेविषयीची चिठ्ठी आलेली असल्याने मूळ मुद्द्याकडे वळणे भाग आहे.

१९५१ च्या सुमारास बीरशेबातील काही बेने इस्रायल कुटुंबांनी भेदभाव आणि कामाची दुरवस्था यांविरुद्ध तेल अवीवमध्ये ज्यू एजन्सीच्या, म्हणजे स्थलांतर व पुनर्वसन पाहणाऱ्या संस्थेच्या, कार्यालयापुढे धरणे धरले. त्यांची मागणी होती भारतात परत पाठवण्याची, आणि १९५२ मध्ये ती मान्यही झाली. परत गेलेल्यांपैकी अनेकांनी मात्र पुढे पुन्हा इस्रायल गाठले. १९६२ मध्ये इस्रायलच्या प्रमुख धर्मपीठाने, म्हणजे रब्बींच्या सर्वोच्च संस्थेने, या समाजाच्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले, तेव्हाही निदर्शने झाली, आणि १९६४ मध्ये जेरुसलेमला धरणे धरण्यात आले. शस्त्र तेच होते, पण मागणी पालटली होती. परत पाठवा असे आता कोणी म्हणत नव्हते. आम्हांला सर्व बाबतींत समान माना, असे म्हणत होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे घोषित केले आणि धर्मपीठालाही निर्देशांचे शब्द बदलावे लागले.

हा तक्रारखोरीचा गौरव आहे, पाहुण्याने यजमानाच्या घरी असे वागू नये, असा आक्षेप सभागृहातून कुजबुजीच्या रूपाने आलाच आहे. त्यावर उत्तर असे की कर भरणारा, घाम गाळणारा आणि तिथेच मुले वाढवणारा माणूस पाहुणा नसतोच. त्याला पाहुणा म्हणत राहणे हाच अन्याय आहे. मुकाट्याने सोसणारा माणूस सभ्य ठरतो, परंतु त्याच्या कामाची किंमत दुसरेच ठरवतात आणि त्याच्या मुलांनाही ती ठरलेली किंमत वारशाने मिळते.

वेळ संपत आल्याने दिमोनाचे कारखाने आणि कामगार संघटना यांविषयीचे विवेचन सोडून द्यावे लागत आहे. तरीही ज्यांची मुले आज जर्मनीला किंवा कॅनडाला निघाली आहेत, त्यांनी मुलांच्या सामानात लोणच्याच्या बरण्या अवश्य द्याव्यात. मात्र नोकरीचा करारनामा तिथल्या भाषेत वाचता येईपर्यंत भाषा शिकण्याचा, तिथल्या कामगार संघटनेचे सभासद होण्याचा आणि अन्याय झाल्यास कोणत्या कचेरीत दाद मागायची हे पहिल्याच महिन्यात विचारून ठेवण्याचा आग्रहही धरावा.