ऐरण कुणाची?

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कारागीर कुटुंबांतल्या महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर.)

मालमत्तेचा हक्क म्हटला की आपल्या सभांमधून पहिला शब्द निघतो तो सातबारा. पण आज इथं बसलेल्या बहुतेकींच्या घरी सातबाराच नाही. तुम्ही लोहार, सुतार, कुंभार, बुरूड, चांभार, मातंग, पिंजारी यांच्या घरातल्या. मग तुमच्या घरी वारसानं जाण्यासारखं काहीच नसतं का? असतं. राहतं घर असतं, घरापुढची कामाची जागा असते, हत्यारं असतात, बांधलेली गिऱ्हाइकं असतात आणि हातातली कला असते. हे सगळं बापाकडून मुलाकडं जातं. ते इतकं गुपचूप जातं की त्याला आपण वाटणी म्हणतच नाही.

नांदेड जिल्ह्यातल्या एका गावची गोष्ट सांगते. बाईचं नाव सांगत नाही. नवरा लोहार. ही बावीस वर्षं त्याच्यासमोर उभी राहून घण मारत होती, भाता फुंकत होती. फाळ पाजवणं, खुरपी-विळे करणं, सगळं तिला येत होतं. मुलगा नाही, दोन मुली. नवरा वारला. तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी दीर ट्रॅक्टर घेऊन आला, ऐरण उचलून घेऊन गेला. म्हणाला, "ऐरण घराण्याची असती, बाईमाणसाची नसती." बाई मला म्हणाली, "ताई, घण मारताना म्या बाईमाणूस नव्हते का?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला थोडं मागं जावं लागेल.

पूर्वी गावगाड्यात लोहार-सुतार-कुंभाराला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपानं बलुतं मिळायचं. एखाद्या गावचं काम करायचं आणि तिथलं बलुतं घ्यायचं, हा हक्कच वारसानं चालायचा. भाऊ वेगळे झाले की गाव वाटून घ्यायचे, नाही तर पाळी लावायचे. एका वर्षी थोरला, एका वर्षी धाकटा. या वाटणीत बहीण नव्हती आणि विधवा असली तर ती पोटापुरती. बलुतं मोडलं, लोखंडी नांगर आला, ट्रॅक्टर आला, प्लॅस्टिकच्या घागरी आल्या. धंद्याची कमाई आटली, पण 'हत्यार वंशाच्या दिव्याला' हा रिवाज तसाच राहिला.

सरकारची नजरही फार वेगळी नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर-उस्मानाबादच्या बायांना सांगायला नको. भूकंपानंतर पुनर्वसनाची घरं बांधली गेली, तेव्हा घराचं माप जमिनीवरून ठरलं. भूमिहीनांना २५० चौरस फूट आणि मोठ्या जमीनवाल्यांना ७५०. म्हणजे ज्याची सारी इस्टेट त्याचं घर, अंगण आणि भट्टी, त्यालाच सगळ्यात लहान घर. जमीन ती मालमत्ता, कसब म्हणजे काही नाही, असाच त्याचा अर्थ झाला.

आता कायद्याकडं येऊ. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा दिला. हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही तो लागू आहे. मिळकत म्हणजे फक्त जमीन नव्हे, ऐरण आणि करवतसुद्धा. पण त्याच कायद्यात २३ वं कलम होतं. घरात कुटुंब राहत असेल, तर पुरुष वारस वाटणी करत नाहीत तोवर बाईला वाटणी मागता येत नव्हती. लग्न झालेल्या आणि नवऱ्याघरी नांदणाऱ्या मुलीला तर बापाच्या घरात राहण्याचाही हक्क नव्हता. शेतकऱ्याच्या मुलीला निदान शेतात तरी वाटणी मागता यायची. पण ज्या बापाकडं घराशिवाय काही नाही, त्याच्या मुलीचा हक्क या एका कलमानं कागदावरच ठेवला. तो कारागिराच्या मुलीला सगळ्यात जास्त नडला.

वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत महाराष्ट्रानं १९९४ साली मुलीला मुलाच्या बरोबरीनं जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ साली संसदेनं कायदा बदलला. लग्न झालेली, न झालेली हा भेद गेला आणि २३ वं कलमही गेलं. ९ सप्टेंबर २००५ ला बाप जिवंत असलाच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. आपल्या मुस्लिम बहिणींचा वाटा शरियतप्रमाणे ठरतो. मुलीला मुलाच्या निम्मा, आणि मुलंबाळं असतील तर विधवेला आठवा हिस्सा. पण पिंजारी-मोमिनांच्या घरांतून हा ठरलेला वाटा तरी बायांच्या हातात किती वेळा पडतो, ते तुम्हीच सांगा.

हे काही आपल्याच देशात घडलं असं नाही. चारशे वर्षांपूर्वी लंडनच्या कारागिराची बायकोही दुकानात राबत होती. पण त्या शहराच्या रिवाजानं तिला नवऱ्याच्या जंगम मालमत्तेत ठरलेला वाटा होता. मुलंबाळं असतील तर एक तृतीयांश. नवऱ्यामागं कित्येक विधवा दुकान आणि उमेदवार पोरं सांभाळून तोच धंदा चालवत होत्या. तिथं बायांचं राज्य होतं असं नाही. पण बाईच्या हातात धंदा गेला म्हणजे घराणं बुडतं, हे खरं नाही, एवढं त्यातून दिसतं.

आता त्या बाईकडं परत येते. आम्ही ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ काढला. घर अजून मयत सासऱ्याच्याच नावावर! म्हणजे वारस कोण? नवरा, दीर, सासू आणि दोन नणंदासुद्धा. नवऱ्याच्या वाट्यात ही, तिच्या मुली आणि सासू. हे समजावलं तेव्हा बाई म्हणाली, "नणंदांना कशाला? त्यांचं लगीन करून दिलंय की." मैत्रिणींनो, त्या दिवशी मी गप्प झाले. जे दीर हिला म्हणत होता, तेच ही नणंदांना म्हणत होती. आपला हक्क मागायचा तर दुसरीचा मान्य करावा लागतो. हे तिला पटायला दोन महिने लागले. पटलं, तेव्हा नणंदाच तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या. आठ महिन्यांनी सगळ्या वारसांची नोंद झाली. ऐरण मात्र परत आली नाही. बचत गटातून कर्ज काढून तिनं लहान ऐरण घेतली. आज तिची थोरली मुलगी घण मारते.

म्हणून चार गोष्टी सांगते.

पहिली : घरी जाऊन नमुना ८ चा उतारा काढा. २००३ च्या 'घर दोघांचे' मोहिमेपासून नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात. त्यासाठी नवरा मरायची वाट बघू नका. स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका आली असेल, तर तिच्यावर कुणाचं नाव आहे तेही बघा.

दुसरी : दुःखात असताना कुठल्याही कागदावर अंगठा देऊ नका. बहिणीला चोळी-बांगडी आणि भावाला घर, हा सौदा बहुतेक वेळा तेराव्याच्या आसपास होतो. हक्कसोड पत्र एकदा नोंदलं की मागं फिरणं फार कठीण असतं.

तिसरी : हत्यारांची यादी करा, पावत्या जपून ठेवा. कर्जापायी जप्ती आली तर कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत, असं दिवाणी कायद्याचं ६० वं कलम सांगतं. सावकारापासून कायदा हत्यारं वाचवतो, दिरापासून वाचवायला पुरावा आपल्यालाच ठेवावा लागतो. नवरा राजी असेल तर त्याच्याकडून मृत्युपत्र लिहून घ्या. त्याला स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार लागतात.

चौथी : १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा धंद्यांच्या कारागिरांना ओळखपत्र, प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये आणि कर्जाची सोय ठेवली. पण एका कुटुंबातून एकच जण. ते एक नाव कुणाचं, हे घरात कुणी विचारलं का? टोपल्या विणणारी बुरडीण, केरसुण्या बांधणारी मातंगीण ही 'मदत' करत नाही, ती कारागीर आहे. ते नाव तिचं का नसावं?

आणि शेवटचं. घर कागदावर वाटता येतं, कसब वाटता येत नाही, ते शिकवावंच लागतं. "पोरगी परक्या घरी जाणार" म्हणून आपण तिला माती मळायला लावतो, चाकाला हात लावू देत नाही. उद्या संध्याकाळी घरी भट्टी पेटेल, चाक फिरेल, तेव्हा तुमच्या मुलीला जवळ बोलवा. तिच्या हातात हातोडा द्या. हा वारसा तरी कुणाला ट्रॅक्टरवर घालून नेता येणार नाही.