आरोग्यसुधारणा आणि रुग्णाचे मत

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बेळगाव येथे दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी संस्थेचा गौरव करणारे भाषण करावे अशी रीत आहे. तो गौरव अध्यक्षांनी यथोचित केलाच आहे, त्यात आम्ही भर घालू इच्छीत नाही. चिटणीसांनी आम्हांस विषय नेमून दिला तो ‘सरकारी आरोग्यसुधारणा आणि लोकमत’ असा. कोणी म्हणेल, हा तर राजकारणाचा विषय, धर्मादाय संस्थेच्या व्यासपीठावर त्याचे काय काम? आमचे उत्तर असे की, ज्या संस्थेच्या कचेरीत कोणी ना कोणी इस्पितळाचे बिल हातात घेऊन मदत मागावयास येतच असतो, तिचा या विषयाशी फार जवळचा संबंध आहे.

‘लोकमत असे आहे’, ‘लोकमत तसे आहे’ असे आपण वर्तमानपत्रांत रोज वाचतो. पण हे मत कोणाचे, असा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आरोग्याच्या कारभारात तीन पक्ष असतात : सरकार, डॉक्टर आणि रुग्ण. सरकारला आपले म्हणणे मांडावयास खाते आहे, मंत्री आहेत. डॉक्टरमंडळींना त्यांच्या संघटना आहेत. रुग्णाला काय आहे? तो आजारी असतो तेव्हा त्याच्या अंगी बोलण्याचे त्राण नसते. बरा झाला की तो दुखणे विसरू पाहतो, आणि त्याच्या घरची माणसे कर्ज फेडण्यात गुंतलेली असतात. शेतकरी जन्मभर शेतकरी असतो, कामगार वर्षानुवर्षे कामगार असतो, म्हणून त्यांचे संघ होतात. रुग्ण जन्मभर रुग्ण राहू इच्छीत नाही, म्हणून त्याचा संघ होत नाही. तात्पर्य, ज्याच्यासाठी सुधारणा करावयाची त्याचेच मत लोकमतात नसते. आज आम्हांस जे सांगावयाचे आहे ते एवढेच.

याला इतिहासाचा आधार आहे. आपल्या देशात सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली एक समिती नेमली गेली आणि १९४६ साली तिने आपला अहवाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही योग्य उपचारावाचून राहू नये, हे त्या अहवालाचे मुख्य सूत्र होते. सुरुवातीस खेड्यापाड्यांतील दर चाळीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, अशी योजना तीत होती. आजही आपल्या तालुक्यात जे आरोग्य केंद्र दिसते त्याचे मूळ त्या अहवालात आहे. त्याच १९४६ साली ब्रिटनच्या पार्लमेंटने राष्ट्रीय आरोग्यसेवेचा कायदा मंजूर केला, आणि ५ जुलै १९४८ रोजी ती सेवा सुरू झाली. एकाच साली दोन देशांत एकाच हेतूने दोन कागद तयार झाले. त्यांचे पुढे काय झाले ते पाहण्याजोगे आहे.

ब्रिटनमध्ये या सुधारणेस विरोध नव्हता असे कोणी समजू नये. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्या योजनेवर तेथील डॉक्टरांच्या संघटनेने फेब्रुवारी १९४८ मध्ये आपल्या सभासदांचा कौल घेतला, तेव्हा दहांपैकी सुमारे नऊ जणांनी विरुद्ध मत दिले. सेवा सुरू होण्यास पाचच महिने उरले होते! तरीही ती ठरल्या दिवशी सुरू झाली. बेव्हन यांनी डॉक्टरांना काही सवलती दिल्या : मोठ्या इस्पितळांतील तज्ज्ञांना खाजगी रुग्ण पाहण्याची मुभा ठेवली आणि कुटुंबाच्या डॉक्टरांना सरकारी पगारी नोकर न करण्याचे आश्वासन दिले. हे कारण खरेच. परंतु दुसरेही एक कारण होते. १९४२ सालचा बेव्हरिज अहवाल सामान्य माणसांनी रांगा लावून विकत घेतला होता. नवी सेवा काय आहे आणि नाव कसे नोंदवावयाचे, हे सांगणारी छोटी पत्रिका घरोघर पोचवली गेली होती. सेवा सुरू होण्याच्या सुमारास जवळजवळ तीन चतुर्थांश जनतेने आपापल्या डॉक्टरांकडे नावे नोंदवली होती. लोकांना काय मिळणार ते कळले, त्यांनी ते मागितले, आणि मग विरोधाची धार बोथट झाली.

आपल्याकडे भोर समितीचा अहवाल किती घरांत गेला? तो काळ फाळणीचा, निर्वासितांचा आणि रिकाम्या तिजोरीचा होता, ब्रिटनइतका पैसा आपणांकडे नव्हता, हे मान्यच केले पाहिजे. आरोग्य केंद्रे १९५२ पासून उघडू लागली, पण समितीने सांगितलेल्या प्रमाणात डॉक्टर, परिचारिका आणि खाटा मिळावयास दशके लागली. त्या दिरंगाईबद्दल मतपेटीतून सरकारला जाब विचारला गेला असे फारसे आठवत नाही. रस्ता खचला तर गाव मोर्चा काढते, पण आरोग्य केंद्रात वर्षभर डॉक्टर नसला तरी गाव निमूटपणे तालुक्याची गाडी पकडते.

आता दूरचे राहू द्या. आपल्याच बेळगावातील गोष्ट घ्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरले होते. खाजगी इस्पितळांविषयीच्या २००७ सालच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यापुढे होते. उपचारांचे दर ठरवून द्यावेत, रुग्णाच्या तक्रारीसाठी जिल्ह्याच्या पातळीवर व्यवस्था असावी आणि नियम मोडणाऱ्यास कडक शिक्षा व्हावी, असा त्याचा रोख होता. त्याला विरोध करण्यासाठी राज्यभरातून हजारो डॉक्टर या शहरात जमले. पुढे राज्यातील पुष्कळ खाजगी दवाखाने बंद राहिले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि मुख्यमंत्र्यांशी बोलणी होऊन विधेयक सौम्य स्वरूपात मंजूर झाले. दर ठरवण्याचा अधिकार मुख्यतः सरकारी योजनांतील उपचारांपुरता उरला. मात्र रुग्णाच्या हक्कांची सनद कायद्यात राहिली, ही जमेची बाजू. बिलाचे पैसे बाकी आहेत म्हणून मृतदेह अडवून ठेवता येऊ नये, हे कलमही तीत आहे.

डॉक्टरमंडळींना दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. या सभागृहात अनेक डॉक्टर बसले आहेत आणि आपल्या दवाखान्यात त्यांनी बिनमोल सेवा दिली आहे. त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. इमारत, यंत्रे आणि परिचारिकांचा खर्च वाढत जातो, सरकारी योजनेतील दर अपुरे पडतात, योजनेचे पैसे वेळेवर हाती येत नाहीत, आणि रुग्ण दगावला की नातेवाईक अंगावर धावून येतात. या तक्रारी खऱ्या आहेत. त्यांनी संघटित होऊन त्या मांडल्या, हा त्यांचा हक्क होता. आमचा प्रश्न निराळा आहे. त्या दिवसांत या शहरात दहा-वीस रुग्णांचे शिष्टमंडळ आमदारांकडे गेले असते, बिलांच्या पावत्या पुढे ठेवून शांतपणे बोलले असते, तर कायद्याचे स्वरूप जरा निराळे झाले नसते काय? आपण सर्वजण येथेच होतो. मोर्चा पाहिला, वाहतुकीच्या खोळंब्याबद्दल बोललो आणि घरी गेलो.

राजस्थानातही २०२३ साली असेच घडले. आरोग्याच्या हक्काचे विधेयक २१ मार्च रोजी तेथील विधानसभेत मंजूर झाले. तातडीच्या वेळी आगाऊ पैशांवाचून उपचार मिळावेत, हा त्याचा गाभा. खाजगी डॉक्टरांनी संप केला, आणि एप्रिलच्या प्रारंभी सरकारशी समझोता होऊन, सरकारकडून जमिनीची वा अन्य सवलत न घेतलेली खाजगी इस्पितळे बाहेर ठेवण्याचे ठरले. तेथेही दोनच पक्ष बोलले. तिसरा खाटेवर होता.

आता आपल्या पदरात काय आहे ते पाहू. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचा इस्पितळातील उपचार तीत मिळतो. कर्नाटकात त्याच साली ती राज्याच्या आरोग्य कर्नाटक योजनेशी जोडली गेली. दारिद्र्यरेषेखालील रेशनकार्ड असलेल्यांना पाच लाखांपर्यंत, आणि इतरांना उपचाराच्या ठरलेल्या दराच्या तीस टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत, अशी त्या वेळी सोय ठरली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने सत्तर वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्न न पाहता, पाच लाखांचे संरक्षण देण्यास आरंभ केला. खर्चाचा वाटा राज्यांनीही उचलावयाचा असल्याने राज्याराज्यांत अंमल सारखा नाही, तेव्हा प्रत्येकाने आपल्या ठिकाणी चौकशी करूनच कार्डाचा भरवसा धरावा. आपणां सीमाभागातील मंडळींना आणखी एक अडचण आहे. महाराष्ट्राने २०२३ साली आपली महात्मा फुले योजना ८६५ सीमावर्ती गावांस लागू करण्याचे ठरवले आणि कर्नाटकाने त्यास हरकत घेतली. दोन राज्यांचा वाद चालायचा तितका चालो. ताप आलेल्या माणसाला आपण कोणत्या दारात जावे एवढेच हवे असते.

ही कार्डे मोलाची आहेत, पण त्यांची मर्यादाही ओळखावी. ती इस्पितळात दाखल होणाऱ्यासाठी आहेत. मधुमेहाच्या गोळ्या, रक्तदाबाचे औषध, मुलाचा खोकला, रक्ताची तपासणी, हा महिन्याच्या महिन्याला होणारा खर्च बहुतेक खिशातूनच जातो. देशात आरोग्यावर होणाऱ्या प्रत्येक शंभर रुपयांपैकी २०१३-१४ साली सुमारे चौसष्ट रुपये लोकांच्या खिशातून जात होते. २०२१-२२ साली ते एकोणचाळीसवर आले. सुधारणा झाली हे निःसंशय. परंतु सरकारने राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के आरोग्यावर २०२५ पर्यंत खर्च करावे असे २०१७ च्या राष्ट्रीय धोरणात लिहिलेले असताना, २०२१-२२ साली तो खर्च दोन टक्क्यांच्या आतच होता. मोठ्या शस्त्रक्रियेची बातमी होते, कार्डावर छायाचित्र छापता येते. आरोग्य केंद्रात गोळ्या वेळेवर आल्या याची बातमी होत नाही. म्हणून लोकमताने मागणी करावयाची ती आधी त्या गोळ्यांची.

ही मागणी कोण करणार? येथे आपल्या मध्यमवर्गास थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. सिव्हिल हॉस्पिटलविषयी आपण सर्वजण मत देतो, पण पायरी चढत नाही. जो जातो तो बोलत नाही, आणि जो बोलतो तो जात नाही. ब्रिटनमध्ये त्या सेवेवर आजही रोज टीका होते, पण कामगार आणि वकील एकाच डॉक्टरच्या दाराशी बसत असल्याने ती मोडण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. आपल्या घरातील सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा सरकारी योजनेत येऊ लागले, तर प्रथमच बोलणारे आणि वापरणारे एका रांगेत येतील. ही संधी आहे, ती दवडू नये.

मग आपल्या ट्रस्टने काय करावे? सरकारने कार्डे दिली, आता धर्मादायाची गरज काय, असे काही सभासद म्हणतात. उलट कोणी म्हणतात, सरकारच्या नादी लागू नये, आपला निधी वाढवावा. २०१७-१८ सालच्या देशव्यापी पाहणीत इस्पितळात दाखल झालेल्या शंभर रुग्णांपैकी पंचावन्न खाजगी, बेचाळीस सरकारी, आणि धर्मादाय संस्थांच्या इस्पितळांत तीनसुद्धा नव्हते. आपल्यासारख्या शेकडो संस्था मिळून एवढाच भार पेलतात. वर्गणीतून देशाचे दुखणे बरे होणार नाही हे नम्रपणे मान्य करावे, आणि वर्गणीला आणखी एका कामास लावावे. ते काम म्हणजे ज्याला आवाज नाही त्याला आवाज देणे.

त्यासाठी आम्ही तीन साध्या सूचना करतो. पहिली, आठवड्यातून एक दिवस दोन जाणत्या तरुणांनी कचेरीत बसावे. योजनांचे अर्ज, कार्डे, दाखले यांत मदत करावी, आणि ज्यांना केवळ मराठी वाचता येते त्यांना कानडी व इंग्रजी कागद समजावून सांगावा. दुसरी, दवाखान्यात एक वही ठेवावी. कोणास कोठे औषध मिळाले नाही, कोठे योजना असूनही पैसे मागितले गेले, आणि कोठे चांगली सेवा मिळाली, हे तीत तारखेनिशी लिहावे. चांगले लिहिण्यास विसरू नये, कारण कामसू परिचारिकेचे कौतुक हेही लोकमतच आहे. रुग्णाचे नाव मात्र गुप्त राहावे. तिसरी, वर्षातून एकदा त्या वहीचा गोषवारा मराठी, कानडी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत काढून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना, आमदारांना आणि डॉक्टरांच्या संघटनेलाही सादर करावा. घोषणा नको, शिवीगाळ नको, पक्षाचा झेंडा तर नकोच. तारीख, नोंद आणि पावती एवढे पुरे आहे.

या कामास फार पैसा लागत नाही, चिकाटी लागते. पन्नास वर्षे ही संस्था चालवली त्या मंडळींच्या अंगी ती होती, हे या समारंभावरून दिसतेच आहे. वडीलधाऱ्यांनी दवाखाना उघडून औषध दिले. पुढच्या पिढीने औषध देत राहावेच, आणि शेजारी वहीही उघडावी. पुन्हा कधी सुवर्ण विधानसौधात आरोग्याचा कायदा चर्चेस येईल, तेव्हा सरकार बोलेल, डॉक्टर बोलतील, आणि तिसऱ्या पक्षाच्या वतीने आपल्या ट्रस्टची वही तेथे असेल, अशी आशा करू या.