टेलच्या गावाला प्राणवायू कधी पोचतो?

(अंथुर्णे, ता. इंदापूर येथील बैठकीत केलेले भाषण)



आज आपण जमलो आहोत ते गाव नीरा डाव्या कालव्याच्या खालच्या अंगाला आहे. वीर धरणातून निघालेले पाणी इंदापूरच्या शिवारात येईपर्यंत किती उरते, हे इथल्या माणसाला शिकवायला नको. तुमच्यापैकी बरेच जण तर कालव्याचे तोंडही न पाहिलेल्या कपाशी-ज्वारीच्या गावांतून आला आहात. पण आज मी पाण्यावर बोलणार नाही, भावावरही नाही. दवाखान्यावर बोलणार आहे. शेतकरी चळवळीचा दवाखान्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. घरातले एक मोठे आजारपण किती घरांत सावकाराला घेऊन येते, ते तुम्हीच मोजा.

२०२१ चा एप्रिल आठवा. आमच्या एका कार्यकर्त्याला रात्री धाप लागली. जीपमध्ये घालून निघालो. पहिल्या दवाखान्यात खाट होती, ऑक्सिजन नव्हता. दुसऱ्यात ऑक्सिजन होता, खाट नव्हती. तिसऱ्याने फोनवर ‘या’ म्हटले. पोचेपर्यंत ती खाट गेली. चौथ्या ठिकाणी पहाटे जागा मिळाली. गडी वाचला, पण मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. खाट एकीकडे, ऑक्सिजन दुसरीकडे आणि माहिती तिसरीकडे. मंडईत कोणत्या मालाला काय भाव लागला ते संध्याकाळपर्यंत गावात कळते. खाट कुठे रिकामी आहे ते कळत नव्हते.

आता प्राणवायूचा हिशेब बघा. राज्यात तेव्हा रोज साडेबाराशे टनांच्या आसपास तयार होत होता. मार्चअखेर सरकारने त्यातला ८० टक्के दवाखान्यांसाठी राखला, तरी एप्रिलमध्ये गरज दीड हजार टनांवर गेली. उरलेला बाहेरून आणायचा. पण द्रवरूप ऑक्सिजन काही पोत्यात भरून आणता येत नाही. त्याला शून्याखाली १८३ अंशांइतका थंड ठेवणारा खास टँकर लागतो आणि असे टँकर मोजके. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला धाडले. ते भरून २३-२४ तारखेला नागपूर-नाशिकला आले. रेल्वेने काम चोख केले, दोष तिचा नाही. पण धाप लागलेल्या माणसाला पाच दिवस म्हणजे काय?

याच काळात नंदुरबारला वेगळे घडले. आदिवासी जिल्हा, मुंबई-पुण्याहून लांब; कालव्याच्या भाषेत टेलचाही टेल. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी सप्टेंबर २०२० मध्येच हवेतून प्राणवायू वेगळा करणारे यंत्र बसवले, मिनिटाला ६०० लिटरचे. पहिली लाट ओसरली, सगळीकडे माणसे हुश्श करून बसली. यांनी मात्र २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणखी यंत्रे उभी केली. दुसरी लाट आली तेव्हा जिल्ह्याचा प्राणवायू जिल्ह्यात होता. यंत्राची विद्या अवघड नाही. हवेत शंभरात ७८ भाग नत्र आणि २१ भाग प्राणवायू. हवा दाबून झिओलाइटच्या खड्यांतून सोडली की नत्र खड्यांना धरून राहतो, प्राणवायू पुढे जातो. (ज्या नत्रापायी आपण युरियाच्या रांगेत उभे राहतो, तो इथे टाकाऊ!) मे २०२१ मध्ये धाराशिव साखर कारखान्याने चोराखळीला इथेनॉलच्या यंत्रांत फेरफार करून हेच करून दाखवले. पुढे पी.एम. केअर्समधून देशभर १२०० हून अधिक यंत्रे मंजूर झाली. पण विहिरीवर मोटार बसवली म्हणजे पाणी आले असे होत नाही. वीज गेली तर जनित्र आहे का, खडे कोण बदलतो, चालवणारा माणूस नेमला आहे का?

सरकार म्हणते, आमच्या हाती साथरोग कायदा आहे. तो कोणता? मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी इंग्रजांनी फेब्रुवारी १८९७ मध्ये केलेला, मुळात चार कलमांचा. सरकारने काय हुकूम काढावे ते त्यात आहे, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा आहे, अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही हेही आहे. रोग्याला खाट मिळालीच पाहिजे, असे मात्र कुठे नाही. पुण्यात रँडच्या सोजिरांनी घरांत घुसून झडत्या घेतल्या, तेव्हा लोक रोगी लपवू लागले. लपवलेल्या रोग्याला कोण औषध देणार? त्याच साथीत सावित्रीबाई फुले मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करीत होत्या. १० मार्च १८९७ रोजी त्याही प्लेगनेच गेल्या. २०२० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांबाबत. ती हवीच होती. पण त्याच वर्षी टाळेबंदीच्या एका हुकमाने कापसाची सरकारी खरेदी ठप्प झाली आणि वऱ्हाडातला कापूस पावसाळा तोंडावर येईपर्यंत घरात पडून राहिला, त्याची भरपाई कोणत्या कलमात आहे?

आणि ही सगळी व्यवस्था शेवटी कोणाच्या पायांवर उभी होती? आशाताईंच्या. राज्यात सुमारे ७० हजार. घरोघर जाऊन ताप, ऑक्सिजन मोजायचा; केंद्राचा कोविडचा भत्ता महिन्याला १००० रुपये, म्हणजे दिवसाला ३३. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला आपण तरी या पैशात बोलावू शकतो का? जून २०२१ मध्ये त्यांना संप करावा लागला, तेव्हा थोडी वाढ मिळाली.

कोरोना गेला, आता हे कशाला, असे म्हणू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. गावोगाव एकाच तऱ्हेचे रोगी येत असताना ती खबर वेळेत एके ठिकाणी गोळा झाली असती, तर फवारण्या आधीच थांबवता आल्या असत्या. साथीला आणि विषाला यंत्रणा एकच लागते.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत लेखी विचारा. आपल्या आरोग्य केंद्रात डॉक्टरांच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती? तालुक्याच्या दवाखान्यातले प्राणवायूचे यंत्र शेवटचे कधी चालवून पाहिले? रिकाम्या खाटेची माहिती रात्री दोन वाजता कोणत्या फोनवर मिळेल? त्या फोनवर रात्री दोन वाजता एकदा खरेच फोन लावून बघा. उत्तरे कागदावर घ्या, खाली सही-शिक्का घ्या, आणि जिल्हा बैठकीला येताना तो कागद बरोबर आणा.