कड्यापासून किती लांब राहावं?

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



काल याच जागी गुडघेदुखीवर व्याख्यान झालं, आणि आज मी गुडघे फोडून घ्यायच्या छंदावर बोलणार आहे. संयोजकांनी क्रम विचार करूनच लावला असावा.

मला दिलेला विषय होता ‘गिर्यारोहण’. तो मी थोडा वळवून घेतला आहे. हिमालयावर बोलायला पुण्यात माणसांची वाण नाही. ‘गिरिप्रेमी’ची मंडळी 2012 साली एव्हरेस्टवर जाऊन आली, त्यांच्याकडून तो ऐकावा. मी बोलणार प्रस्तरारोहणाबद्दल, म्हणजे हातापायांनी कातळ चढण्याबद्दल. आणि त्यातलाही एक अगदी घरगुती प्रश्न घेऊन आलोय : ज्याला कातळ चढायचं वेड आहे, त्याने राहायला शहर कोणतं निवडावं?

हा प्रश्न आमच्या घरात मागच्या वर्षी खरोखरच उभा राहिला. आमच्या मुलीला तुम्ही सगळे ओळखता. पार्किंगच्या तुळईला लोंबकळते म्हणून सूचनाफलकावर एकदा नोटीस लागली होती, तीच ती. तिला एकदम दोन नोकऱ्या आल्या. एक इथेच हिंजवडीला, दुसरी बंगळुरूला. पगार उन्नीस-बीस. ती म्हणाली, “बाबा, चढाईसाठी कुठलं गाव बरं, तेवढं सांगा.” तिची आई म्हणाली, “यात विचारायचं काय? घर इथे आहे.” एकुलती एक मुलगी. पुढचे तीन आठवडे आमच्याकडे वरण-भाताबरोबर भूगोलच चालू होता.

लोक पहिल्यांदा विचारतात, तिथला कडा किती उंच? मी विचारतो, बुधवारी संध्याकाळी काय सोय आहे? चढाईचं शरीर फार कृतघ्न असतं. बोटांचे स्नायुबंध तयार व्हायला वर्षं लागतात, आणि चार आठवडे दगडाला हात लागला नाही तर बोटं ओळख विसरतात. त्यामुळे वर्षातून एकदा पाहायचा भव्य कडा चढणाऱ्याच्या फारसा उपयोगाचा नाही. आठवड्यात दोनदा हाताला लागणारा साधा खडक किंवा कृत्रिम भिंत त्याला घडवते. तेव्हा शहर निवडताना मी तीन अंतरं मोजतो : कामावरून सुटल्यावर तासाभरात काय गाठता येतं, रविवारी पहाटे निघून रात्री घरी परत यायचं तर काय, आणि रात्रीच्या गाडीने काय.

आता आपलं पुणं. रविवारच्या अंतरात पुण्याला तोड नाही. सिंहगड तर गच्चीवरून दिसतो. लोणावळा-खंडाळ्याकडे नागफणी, म्हणजे ड्यूक्स नोज, शिवाय दुधिवरे, तैलबैलाच्या दोन भिंती, ताम्हिणीतली प्लस व्हॅली. जरा लांब जायची तयारी असेल तर रायगडासमोरचा लिंगाणा, नाणेघाटाजवळ जीवधनचा वानरलिंगी सुळका आणि हरिश्चंद्रगडाचा तो नागाच्या फणीसारखा आत वळलेला कोकणकडा. आणि वारसा? 1670 साली तानाजी मालुसऱ्यांचे मावळे सिंहगडाचा कडा रात्रीच्या अंधारात चढले. घोरपडीचं काय ते इतिहासकार बघून घेतील, कडा मात्र आजही तिथेच आहे. कुणालाही जाऊन हात लावून बघता येतो.

पण दगड कसा आहे, हेही सांगायला हवं, कारण मुलीच्या प्रश्नाचं मर्म तिथे होतं. आपला सह्याद्री हा बसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर ओतले गेले आणि त्याचे हे डोंगर झाले. ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात ना, त्यातला ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे. तो जिन्याला असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. घाटातून डोंगराकडे पाहा, खरंच जिन्यासारखे टप्पे दिसतात. एक थर घट्ट, त्यावरचा सच्छिद्र, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा. पावसाळ्यात टप्प्यांवर माती साचते, गवत उगवतं, आणि दिवाळीनंतर ते वाळून असं निसरडं होतं की कातळ परवडला. त्यात दगड सुटा. म्हणून सह्याद्रीत चढणारा माणूस हाताची पकड घेण्याआधी दगडावर थापटून बघतो, बाजारात नारळ वाजवून घ्यावा तसा. बद्द आवाज आला तर तो दगड सोडायचा. जोडीला आग्या मोहोळं आहेतच. पुन्हा जून ते सप्टेंबर कातळ बंद, आणि एप्रिल-मे मध्ये तवा. हातात उरतात सहा महिने.

असला दगड माणसाला सावध करतो, धीर शिकवतो, दोराची कामं शिकवतो. महाराष्ट्रातल्या चढाईपटूंचा तो कस आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण ज्याला अवघड चाली पुन्हा पुन्हा करून बघायच्या आहेत, पन्नास वेळा पडून एक्कावन्नाव्या वेळी जमवायचं आहे, त्याला भरवशाचा दगड लागतो. तो दख्खनच्या दक्षिणेला आहे.

बंगळुरूचं म्हणाल तर शहरच ग्रॅनाइटवर वसलंय. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर, त्यामुळे हवाही चढणाऱ्याच्या बाजूची. शहरातल्या कंठीरवा स्टेडियममध्ये चढाईची भिंत आहे, तिथे संध्याकाळी मुलं जमतात. झाला बुधवार! रविवारसाठी म्हैसूर रस्त्यावर सुमारे पन्नास किलोमीटरवर रामनगर. हेच ते ‘शोले’तलं रामगढ, 1975 सालचं. गब्बर ज्या खडकांवर फेऱ्या मारतो त्याच भागातल्या शिळांवर आता पोरं दोर लावतात. तिथल्या एका डोंगरावर गिधाडांचं अभयारण्य आहे, त्यामुळे सगळीकडे चढू देत नाहीत. ते योग्यच आहे. आणि रात्रीच्या गाडीने हंपी. तुंगभद्रेकाठी विजयनगरच्या अवशेषांभोवती गोल गुळगुळीत शिळांचे ढीगच्या ढीग. तिथे दोर लागत नाही, खाली गादी टाकायची आणि दहा-बारा फुटांच्या शिळेवर डोकं लढवायचं. याला बोल्डरिंग म्हणतात. मी याला हाताने सोडवायचं शब्दकोडं म्हणतो.

बदामीचं वेगळं सांगायला हवं. चालुक्यांची लेणी आपण सहलीला जाऊन पाहतो, आणि त्याच लाल-केशरी वालुकाश्मात देशातल्या उत्तम चढाया आहेत. शंभराहून जास्त मार्गांवर बोल्ट ठोकलेले आहेत, म्हणजे ठरावीक अंतरावर दोर अडकवायची सोय असते. त्यातल्या ‘गणेश’ नावाच्या अतिशय अवघड मार्गावर आपल्या पुण्याच्या तुहिन सातारकरने चढाई केली. मजा अशी की बदामी पुण्याहून आणि बंगळुरूहून जवळपास सारख्याच अंतरावर, साधारण साडेचारशे किलोमीटर. म्हणजे बदामीपुरती दोन्ही शहरांची बरोबरी!

मुंबईकर पाहुणे बसलेत, त्यांनी रागावू नये, त्यांचंही सांगतो. मुंबईला लोक उगाच नावं ठेवतात. लोकलने मुंब्र्याला उतरलं की डोंगर समोर उभा, बेलापूरलाही चढाईचे खडक आहेत. गाडी नसलेल्या कॉलेजच्या पोराला यापेक्षा स्वस्त काय मिळणार! ‘गिरिविहार’ ही तिथली जुनी संस्था. त्यांनी 2016 साली बोल्डरिंगची जागतिक चषक स्पर्धा नवी मुंबईत भरवली. घाम मात्र असा की हाताला लावलेल्या चॉकची खीर होते. हैदराबादला ग्रॅनाइट आहे, पण तिथल्या शिळा इमारतींसाठी फोडल्या जातात. त्या वाचवायला 1996 पासून एक संस्थाच झटते आहे. दिल्लीकरांना हरियाणातलं धौज आणि भारतीय पर्वतारोहण संस्थेची भिंत आहे, पण दिल्लीच्या उन्हाळ्यात दगडाला हात लावून दाखवावा कुणी.

एक गोष्ट नकाशावर दिसत नाही. दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. चढणारा वर जातो तेव्हा खालचा दोर सोडत-धरत असतो, याला बिले देणं म्हणतात. वरचा निसटला तर खालच्याने दोर अडवायचा. जीव त्याच्या हातात असतो, तेही तो कंटाळलेला असताना, ऊन डोक्यावर असताना. असा माणूस एका दिवसात मिळत नाही. मी 1999 मध्ये ही सदनिका बुक केली, तेव्हा नोकरीत बदलीसाठी मलाही बंगळुरूचा पर्याय होता. मी पुण्यात राहिलो, कारण ज्यांच्या हातात मी डोळे मिटून दोर देत होतो ती चारही माणसं पेठेत आणि कर्वे रस्त्यावर राहत होती. त्यातल्या दोघांनी आता चढणं सोडलंय, एक मुलाकडे परदेशी गेला. उरलेल्या एकाबरोबर मी या हिवाळ्यातही तैलबैलाला जाणार आहे. पंचावन्नाव्या वर्षी हळू चढतो, एवढंच.

मुलीचं वय चोवीस. तिचे दोर धरणारे अजून ठरायचे आहेत, ते ती कुठेही जोडू शकेल. तिला रोजचा सराव हवा, भरवशाचा दगड हवा. हे सगळं मोजून मी म्हणालो, “बंगळुरूला जा.” बोलताना घशात काहीतरी अडकलं होतं, पण तिने दगडाबद्दल विचारलं होतं, माझ्याबद्दल नाही. तिची आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मुलीला म्हणाली, “तिथल्या पोरांना सांग, दोर नीट धरा म्हणावं.” म्हणजे परवानगी मिळाली.

आता ती आठवड्यातून दोन संध्याकाळी भिंतीवर जाते, रविवारी अंधारातच रामनगर गाठते. परवा फोनवर म्हणाली, “बाबा, इथला दगड थापटून बघावा लागत नाही. मी अजून थापटते. सगळे हसतात.”

आता जाता जाता कामाचं, कारण पुढे बसलेल्या मुलांनी मला दरडावून पाठवलंय. टोकियो ऑलिम्पिकपासून चढाई हा ऑलिम्पिकमधला खेळ झाला आहे. त्यातल्या वेगाच्या शर्यतीची भिंत 15 मीटर, म्हणजे साधारण पाच मजले. अव्वल खेळाडू ती पाच सेकंदांच्या आत चढतात. आपल्या बी विंगच्या लिफ्टचं दार तेवढ्यात धड बंदही होत नाही. आपल्याला एवढं काही नको. पाण्याच्या टाकीमागे जी जागा रिकामी पडली आहे, तिथे लोखंडी सांगाड्यावर जाड प्लायवूड ठोकून बारा फूट उंच, सोळा फूट रुंद अशी भिंत उभी राहू शकते. खाली फूटभर जाडीच्या गाद्या टाकायच्या. होल्ड, म्हणजे पकडायचे खडे, विकत मिळतात. भिंतीला दोर लागत नाही, पण मोठं माणूस हजर असल्याशिवाय मुलांना चढू द्यायचं नाही, हा नियम मी स्वतः अर्जात लिहिला आहे. सी विंगमधल्या आजींनी विचारलं, पडलं तर? आजी, पडणारच. कसं पडायचं ते पहिल्या दिवशी शिकवतात, गुडघे वाकवून, हात मागे न टेकता. तुम्हीही या.

अर्ज सेक्रेटरींकडे दिला आहे, सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणि खर्चाचं अंदाजपत्रक जोडलं आहे. सर्वसाधारण सभा दिवाळीच्या आधी झाली तर बरं. मुलगी दिवाळीला आठ दिवस येतेय, होल्ड लावायला घरचं माणूस मिळेल.