पहिली पायरी
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



साठ वर्षांपूर्वी ज्या मुलांनी या शाळेत पहिलीच्या वर्गात पाऊल टाकले, त्यांनी आता पासष्टी ओलांडली आहे. महोत्सवाचे निमंत्रण हाती पडल्यावर त्यांपैकी कित्येकांनी कार्यक्रमाची वेळ विचारण्याआधी एकच चौकशी केली : सभागृह खाली आहे की वर? ज्या जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एका ढांगेत गाळीत ती मुले धावत होती, तोच जिना आज त्यांच्या आणि शाळेच्या मध्ये उभा आहे.

जबलपूरकरांना पायऱ्यांचे नावीन्य नाही. ग्वारीघाटावर नर्मदेच्या पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या, भेडाघाटी चौसष्ट योगिनींच्या मंदिराकडे नेणाऱ्या शंभरावर पायऱ्या, आणि पावसाळ्याच्या धास्तीने उंच बांधलेली जुन्या घरांची जोती, हे सारे या गावाच्या अंगवळणी पडले आहे. कोणाला बाहेर ठेवावे, असा त्या बांधणाऱ्यांचा हेतू नव्हता. परंतु हेतू नसला तरी वाट अडतेच. आणि ज्याची अडते, त्याला बांधणाऱ्याचा हेतू निर्मळ होता हे कळून काही उपयोग नसतो.

या अडलेल्या वाटेचा विचार आपल्या देशातील कायद्याने प्रथम 1995 च्या अधिनियमात केला. त्यानंतर आला दिव्यांगजन अधिकार अधिनियम, 2016. अपंगत्वाचे मान्य प्रकार त्याने सातांवरून एकवीस केले आणि इमारतींविषयी भाषा अधिक कणखर केली. नवी वास्तू सुगम्यतेच्या मानकांनुसार नसेल, तर तिच्या नकाशाला मंजुरी द्यायची नाही, बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला द्यायचा नाही, वास्तूत राहायलाही द्यायचे नाही, असे त्याचे कलम 44 सांगते. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून 2017 मध्ये आले. म्हणजे ती मुदतही केव्हाच उलटून गेली. शाळांना तर याहून जुने बंधन आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीच्या आवश्यक गोष्टींत अडथळारहित प्रवेशाचा स्पष्ट उल्लेख आहे.

एवढे असूनही पायऱ्या जागच्या हलल्या नाहीत. राजीव रतुरी या दृष्टिबाधित गृहस्थांनी 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. 2017 मध्ये न्यायालयाने मुदती घालून निर्देश दिले, तरी काम रेंगाळलेच. अखेर 8 नोव्हेंबर 2024 च्या निकालात न्यायालयाने दुखण्याच्या मुळावर बोट ठेवले. कायदा सक्तीची भाषा बोलत होता, पण त्याखालील नियम क्रमांक 15 मधील मानके केवळ मार्गदर्शक सूचना होऊन बसली होती. पाळली तर उत्तम, न पाळली तरी कोणी विचारणारे नाही! त्या नियमाचे पहिले पोटकलम कायद्याशी विसंगत ठरवून, किमान सक्तीचे निकष तीन महिन्यांत आखावेत, असा आदेश न्यायालयाने केंद्र शासनाला दिला. एका माणसाच्या अर्जाला उत्तर मिळायला जवळजवळ वीस वर्षे लागली. तेवढ्या काळात पहिलीतले मूल पदवीधर होऊन बाहेर पडते.

मानकांमधले गणित मात्र पाचवीच्या मुलालाही उलगडेल इतके सोपे आहे. चाकाच्या खुर्चीसाठी बांधलेल्या उताराची चढण बारास एक, याहून तीव्र नसावी. प्रत्येकी पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हटल्या, तर उंची झाली पंचेचाळीस सेंटिमीटर; तिला बारांनी गुणले की पाच मीटर चाळीस सेंटिमीटर लांबीचा उतार हवा. पुष्कळ ठिकाणी पायऱ्यांना लागून दीड मीटरचा एक घसरता तुकडा बांधतात आणि त्याला रॅम्प म्हणतात. त्यावरून स्कूटर चढते. खुर्चीतला माणूस स्वतःच्या बळावर चढू शकत नाही आणि उतरताना तर जीव मुठीत धरावा लागतो. उताराच्या माथ्यावर दीड मीटरची सपाट जागा लागते, कारण खुर्ची वळवायला तेवढा घेर हवा. दोन्ही बाजूंना कठडा हवा. आणि या उतारावर सायकली, कुंड्या किंवा तुटके बाक ठेवलेले नसावेत, हे कोणत्याही नकाशात लिहिलेले नसले तरी तितकेच महत्त्वाचे आहे.

शिवाय सुगम्यता म्हणजे केवळ उतार नव्हे. पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी असेल, तर मंद दृष्टीच्या आजोबांना पायरी कळते. खोलीच्या पाटीवर ब्रेल असेल, तर न पाहणाऱ्या मुलीला आपला वर्ग कोणाचा हात न धरता सापडतो. आणि स्वच्छतागृह! ज्या मुलीला शाळेत ते वापरता येत नाही, ती सकाळपासून पाणी पीत नाही. तिची तहान हजेरीपटावर दिसत नाही.

मनात आले तर हे घडते, याला दाखला आहे. जानेवारी 2001 मध्ये विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीस आले. अपंगांच्या हक्कांसाठी झगडणारे, स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेले जावेद आबिदी यांनी पाठपुरावा केला आणि कुतुबमिनारसारख्या शतकानुशतके जुन्या वास्तूंपाशी लाकडी उतार उभे राहिले. पाहुणा जगप्रसिद्ध होता, म्हणून ते झाले. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन ज्यांनी वाचले असेल, त्यांना ठाऊक आहे की प्रसिद्ध नसलेल्या मुलामुलींसाठी हाच उतार मिळवायला किती वर्षे खर्ची पडतात.

यावर आक्षेप निघतात. शाळेत असा विद्यार्थी एखादाच असतो, असे म्हणतात. परंतु जिथे आत येण्याची वाटच नाही, तिथे विद्यार्थी दिसणार कसा? त्याचे आईवडील फाटकातूनच परत गेलेले असतात. जागा अपुरी आहे, हा आक्षेप खरा आहे; जुन्या वास्तूत साडेपाच मीटर काढणे सोपे नाही. तेव्हा उतार वळता घ्यावा, अंगणाची भर उंचवावी, बाजूचे दार मुख्य करावे; पण कचऱ्याच्या डब्यांशेजारचे मागचे दार कोणा मुलाला दाखवू नये. खर्चाचे म्हणाल, तर नकाशावर पुसून काढलेली रेघ फुकट असते आणि बांधलेली भिंत पाडणे महाग पडते.

22 मे 1997 ची पहाट या गावातील जाणती माणसे विसरलेली नाहीत. त्या भूकंपानंतर घर बांधताना प्रत्येकाने मिस्त्रीला विचारले, ‘हे टिकेल ना?’ भीतीने शिकवलेला तो प्रश्न योग्यच होता. त्याच्या जोडीला ‘यात सर्वांना येता येईल ना?’ हा प्रश्न विचारायला भूकंपाची वाट पाहण्याचे कारण नाही.

महोत्सवाच्या निधीतून शाळेत नव्या खोल्या होणार आहेत आणि जुन्या इमारतीची दुरुस्तीही होणार आहे. नकाशा अजून कागदावर आहे. देणगीदारांनी आणि पालकांनी रकमेचा हिशेब जसा मागावा, तसाच उताराचा, दरवाजाच्या रुंदीचा, स्वच्छतागृहाचा आणि प्रयोगशाळा कोणत्या मजल्यावर आहे याचाही मागावा. टेप घेऊन स्वतः मोजावे. पंचाहत्तरीच्या सोहळ्याला, सभागृह खाली आहे की वर, हे कोणत्याही माजी विद्यार्थ्याला विचारावे लागू नये. आणि येत्या जूनमध्ये चाकाच्या खुर्चीतील मुलीला घेऊन एखादी आई फाटकाशी आली, तर तिला एवढेच सांगता यावे : प्रवेशअर्ज कार्यालयात मिळेल, आत या.