पदवीचे पहिले सत्र आणि विचारण्याची वेळ

(हीरक महोत्सवातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेत वर्षाचा हिशेब मार्चमध्ये होतो. जून ते डिसेंबर रेंगाळलेला मुलगाही जानेवारीत कंबर कसतो आणि पार पडतो. दहा-बारा वर्षांत ही सवय अंगी मुरते, आणि तीच सवय घेऊन तो महाविद्यालयात जातो. तेथे मात्र सत्र साधारण पंधरा आठवड्यांचे असते. 100 गुणांपैकी कोठे 25, कोठे 30, तर कोठे 40 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात: चाचणी, गृहपाठ, सादरीकरण, काही ठिकाणी उपस्थितीसुद्धा. आठव्या आठवड्यात विद्यार्थी ‘आता अभ्यासाला लागू’ म्हणतो, तेव्हा त्यातले बरेचसे गुण हातचे गेलेले असतात. पहिल्या सत्रात मराठी शाळांतली हुशार मुले अडखळतात, त्याचे मोठे कारण हे आहे. बुद्धीशी त्याचा संबंध फारसा नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा जाहीर केला. त्यात तीन वर्षांच्या पदवीला 120 श्रेयांक आणि चार वर्षांच्या पदवीला 160 श्रेयांक लागतात. एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात व्याख्यानाचे 15 तास किंवा प्रात्यक्षिकाचे 30 तास. मुख्य विषय, दुय्यम विषय, अन्य विद्याशाखेचा विषय, भाषा, कौशल्य, मूल्यशिक्षण अशी वाटणी असते आणि त्यांतले पुष्कळसे विद्यार्थ्याने स्वतः निवडायचे असते. अठराव्या वर्षी, प्रवेशाच्या धांदलीत, अनेकदा संगणकाच्या पडद्यावर दोन-तीन दिवसांत. ही निवड बहुधा मैत्रिणीने काय घेतले यावर ठरते. दुय्यम विषय म्हणून कोणता विषय घेतला, यावर पुढे कोणत्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे दार उघडे राहते हे त्या वेळी सांगायला कोणी जवळ नसते.

गुणपत्रिकेचेही तसेच. पालकांचा पहिला प्रश्न ‘किती टक्के?’ हा असतो आणि मुलाच्या हातात टक्के नसतात, दहापैकी श्रेणीगुण असतात. त्यांचे टक्के करण्याचे सूत्र विद्यापीठागणिक वेगळे असते. शिवाय ही सरासरी श्रेयांकांच्या वजनाने काढतात. चार श्रेयांकांच्या विषयात 5 श्रेणीगुण आणि दोन श्रेयांकांच्या विषयात 9 मिळाले, तर साधी सरासरी 7 दिसते. प्रत्यक्षात ती 6.33 येते. दोन श्रेयांकांच्या आकर्षक कौशल्यविषयावर रात्री जागवणाऱ्या आणि मुख्य विषय रेटून नेणाऱ्या मुलाला हा हिशेब सत्राच्या सुरुवातीला कोणी मांडून दाखवला, तर त्याचा वेळ योग्य जागी खर्च होईल. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करू इच्छिणाऱ्याला पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. म्हणजे पहिल्या सत्राचा परिणाम तीन वर्षांनंतर जाणवतो.

नव्या आराखड्यात मध्येच बाहेर पडण्याची सोय आहे. एका वर्षानंतर 40 श्रेयांक आणि उन्हाळ्यातला 4 श्रेयांकांचा व्यवसायविषयक अभ्यास पूर्ण केला की प्रमाणपत्र मिळते. दोन वर्षांनंतर पदविका मिळते. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. घरातले कर्ते माणूस आजारी पडले, नोकरी धरावीच लागली, अशांसाठी ही सोय मोलाची आहे. परंतु दोन विषय राहिले, कोणाला विचारावे कळेना, लाज वाटली, म्हणून याच दाराने बाहेर पडणारा मुलगा परत येईल याची शाश्वती कोण देणार? त्याच्या हातात प्रमाणपत्र असते, त्यामुळे घरच्यांनाही तो गळाला असे वाटत नाही.

अशा मुलासाठी महाविद्यालयात माणसे नेमलेली असतात. आयोगाच्या 2015 च्या विद्यार्थी-सुरक्षेच्या मार्गदर्शक तत्त्वांत साधारण 25 विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक-शिक्षक असावा अशी अपेक्षा आहे. ‘नॅक’ही मूल्यांकनाच्या वेळी मार्गदर्शक शिक्षकांचे प्रमाण विचारते. काही ठिकाणी ही व्यवस्था फक्त नोंदवहीत असते आणि समिती यायच्या आठवड्यात सह्या गोळा होतात, हे उघड गुपित आहे. तरीही नोंदवहीत नाव असलेल्या प्राध्यापकांचे दार ठोठावण्याचा विद्यार्थ्याला पूर्ण अधिकार आहे, आणि दार ठोठावणारा आला की बहुतेक प्राध्यापक मनापासून वेळ देतात. न विचारणाऱ्याकडे मात्र शंभर जणांच्या वर्गात कोणाचे लक्ष जात नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेतल्या मुलांची अडचण थोडी निराळी आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी. त्यांच्या घरात मराठी, बाजारात गुजराती, हिंदी, कन्नड किंवा तेलुगू आणि महाविद्यालयात इंग्रजी. एप्रिल 2023 मध्ये आयोगाने विद्यापीठांना कळवले की अभ्यासक्रम इंग्रजीतला असला तरी विद्यार्थ्याला स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत. वडोदऱ्यात स्थानिक भाषा गुजराती ठरेल, हैदराबादेत तेलुगू. मराठीत लिहिलेली उत्तरपत्रिका तपासणार कोण? या सवलतीचा लाभ आपल्या मुलांना सहजी मिळणार नाही, हे गृहीत धरूनच तयारी करावी.

सुदैवाने या मुलांची उणीव ज्ञानाची क्वचितच असते; ती नावांची असते. लसावि काढण्यात पटाईत असलेली मुलगी प्राध्यापक ‘एलसीएम’ म्हणाले की गांगरते. अपवर्तनाची आकृती बिनचूक काढणारा मुलगा ‘रिफ्रॅक्शन’ ऐकून हा काही नवा धडा आहे असे समजतो. प्रकाशसंश्लेषण, गतिज ऊर्जा, मागणीची लवचिकता हे सारे त्यांना येते. पहिल्या पंधरा दिवसांत वहीच्या उजव्या पानावर इंग्रजी संज्ञा आणि डाव्या पानावर तिचे ओळखीचे मराठी नाव लिहीत गेले, तर दोनशे-अडीचशे शब्दांत पहिल्या सत्राचा बराचसा अडसर दूर होतो. ही वही मार्गदर्शक प्राध्यापकांना दाखवावी. ‘मला काही कळत नाही’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला नेमके काय समजवावे हे प्राध्यापकांनाही उमगत नाही. ‘या सिद्धतेची तिसरी पायरी दुसरीतून कशी आली?’ या प्रश्नाला पाच मिनिटांत उत्तर मिळते. आणि हे विचारायचे तिसऱ्या आठवड्यात, पहिली चाचणी होण्याआधी. निकालानंतर विचारायला गेलेल्या मुलाला सांत्वन तेवढे मिळते.

गुणांविषयी शंका असेल तर गप्प बसू नये. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये माहितीच्या अधिकाराखाली मान्य केला आहे. तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठाचा लोकपाल यांची तरतूद 2023 च्या विनियमांत आहे. अर्थात अर्ज करण्यापूर्वी विषयाच्या प्राध्यापकांशी बोलणे शहाणपणाचे. पुष्कळ शंका तेथेच मिटतात.

काही मुलांच्या बाबतीत प्रश्न अभ्यासाचा नसतोच. झोप उडालेली असते, जेवण सुटलेले असते, फोनवर ती ‘सगळे ठीक’ एवढेच सांगतात. पालकांनी अशा वेळी टक्केवारी विचारू नये. समोर जाऊन बसावे. महाविद्यालयाच्या समुपदेशकाखेरीज केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र चालते आणि मराठीतही बोलते. हा क्रमांक वसतिगृहात जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या फोनमध्ये आधीच नोंदलेला असावा.

पालकांनी पहिल्या महिन्यात मुलांना दोन गोष्टी विचाराव्यात: मार्गदर्शक प्राध्यापकांचे नाव काय, आणि त्यांना शेवटचे कधी भेटलास? प्राध्यापकांना स्वतः फोन करण्याचा मोह मात्र टाळावा. वर्गासमोर मुलाची मान खाली जाते.

माजी विद्यार्थ्यांकडे शाळेचे मागणे पैशांचे नाही. जे आज पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात आहेत, किंवा नुकतेच बाहेर पडले आहेत, त्यांनी आपले विद्यापीठ, मुख्य व दुय्यम विषय आणि संपर्क ग्रंथालयातल्या नोंदवहीत लिहावा. जुन्या संज्ञांच्या वह्या अजून कपाटात असतील तर त्याही आणून द्याव्यात, रद्दीत घालू नयेत. येत्या जूनमध्ये महाविद्यालयात जाणाऱ्या तुकडीला ती नोंदवही निरोपसमारंभाच्या दिवशी दाखवली जाईल.