घर तपासलं, पण किती?

जळगावात किंवा धुळ्यात जुनं रो-हाऊस घेणाऱ्याला 'घर नीट तपासलं का?' असं विचारलं, की उत्तर बहुधा ठरलेलं असतं : बँकेनं लोन पास केलंय, म्हणजे ठीकच असणार. बँकेनं वकिलाचा सर्च रिपोर्ट मागवलेला असतो खरा, पण त्यात मालकी आणि बोजा पाहतात. व्हॅल्युअर येऊन जातो. कर्ज थकलं तर हे घर विकून वसुली होईल का, एवढंच त्याला बँकेला सांगायचं असतं. महापालिकेचा भोगवटा दाखला तर घर बांधून झालं तेव्हाचा. भिंती, स्लॅब, पाया यांची आजची प्रकृती या तिन्ही कागदांत नसते. त्यासाठी स्वतंत्र इंजिनिअर बोलवायलाच हवा. मात्र त्याचा अहवाल म्हणजे हमीपत्र नव्हे. त्या दिवशी, जेवढं दिसलं तेवढ्यावर दिलेलं ते मत असतं, आणि तसंच ते वाचलं तर उपयोगी पडतं.

दुसऱ्याच्या राहत्या घराची फरशी उखडता येत नाही, प्लॅस्टर फोडता येत नाही, भिंतीतले पाइप उघडून पाहता येत नाहीत. मग इंजिनिअर खुणांवरून अंदाज बांधतो. छताला गंजाचे तांबूस डाग असतील, खपल्या सुटल्या असतील, तर आतली सळई फुगली असावी. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, तर पुट्टीखाली काय झाकलंय हा प्रश्न. उपकरणं आहेत, पण त्यांनाही हद्द आहे. काँक्रीटवर रिबाउंड हॅमर मारून ताकदीचा अंदाज घेतात. तो आकडा 25 टक्के इकडे-तिकडे असू शकतो, असं त्या चाचणीचं भारतीय मानकच सांगतं. शिवाय हातोड्याला कळतो तो वरचा थर, कॉलमचा गाभा नव्हे.

खानदेशात या मर्यादेत मातीची भर पडते. जुनी गावठाणं पांढरीवर वसली, शेती काळीत राहिली. गेल्या काही दशकांत शहरं वाढली तशी ही काळी शेतंच एन.ए. होऊन त्यांवर कॉलन्या उभ्या राहिल्या. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात आकसते. घराखालची माती झाकलेली असल्यानं तिथली ओल टिकते. कडेची माती मात्र मे महिन्यात सुकून खाली बसते आणि तिच्याबरोबर घराचा कोपरा. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. पावसाळ्यात कडेची माती पुन्हा फुगली, की तीच भेग मिटत येते. म्हणजे ऑक्टोबरात आलेल्या इंजिनिअरला बारीक रेघ दिसेल आणि मेमध्ये आलेल्याला रुंद फट. दोघेही प्रामाणिक, दोघांचे अहवाल वेगळे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशा मातीसाठी तळाशी फुगवटा असलेले खास पाइल विकसित केले. पण समोरच्या घराच्या पायात काय आहे, हे जोत्यावरून कुणालाच दिसत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग आमचा मिस्त्री काय वाईट? अनुभवी गवंड्याची नजर तीक्ष्ण असते, हे मान्य. पण 'काही नाही, प्लॅस्टरची भेग आहे' हे तो तोंडी सांगतो, आणि बहुधा दुरुस्तीचं कामही त्यालाच मिळायचं असतं. दुसरा आक्षेप असा, की 'हे पाहता आलं नाही' असं लिहून इंजिनिअर आपले हात झटकतो. कधीकधी झटकतोही. तरी ती यादी ग्राहकाच्याच कामाची, कारण पुढची विचारपूस कुठे करायची ते तिच्यातूनच कळतं. तिसरा आधार कायद्याचा घेतात : महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265-अ प्रमाणे 30 वर्षांवरील इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट लागतं, आपलं घर तर 12 वर्षांचं. महाडची तारिक गार्डन इमारत 24 ऑगस्ट 2020 रोजी कोसळली, 16 जण दगावले, तेव्हा तिला 10 वर्षंही झालेली नव्हती. नव्या प्रकल्पात रेराखाली ताब्यापासून 5 वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर असते. 12 वर्षांच्या घराला ती मुदतही उरलेली नसते.

तेव्हा इसार देण्याआधी इंजिनिअरला बोलवावं आणि काय पाहिलं, काय पाहता आलं नाही, हे दोन्ही लेखी मागावं. भेग दिसली, तर मालकाच्या परवानगीनं तिच्यावर आडवी काचेची पट्टी प्लॅस्टर ऑफ पॅरिसनं चिकटवून शेजारी तारीख लिहावी. भेग हलली की काच तडकते. घाई नसेल, तर ती काच एक उन्हाळा आणि एक पावसाळा राहू द्यावी. घाई असेल, तर शोषखड्डा जोत्याला किती जवळ आहे, गच्चीचं पाणी पायाशीच जिरतं का, हे स्वतः पाहावं आणि शेजारच्या दोन घरांत मे महिन्यात दारं अडकतात का, ते विचारावं.